रेघेच्या मागे सरकलेली खुर्ची

सर, तुम्हाला न्यायला माणसं जमली होती, तेव्हा मी तुमच्याकडे बघत नव्हते. मी शेडच्या फरशीवरच्या चुन्याच्या रेघेकडे बघत होते. मधोमध हातभर रेघ फिसकटलेली होती. कुणाचा तरी पाय तिच्यावरून गेला होता, आणि तो तुमचा असेल या भीतीनं माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा येईना. शेजारच्या बाया म्हणाल्या, पोरगी दगड झाली. होऊ द्या म्हटलं, दगड बरा, त्याला कुणी काही विचारत नाही.

आज अठरावा दिवस. तुम्हाला जे तोंडावर सांगायला पाहिजे होतं ते आता लिहून सांगते आहे, म्हणजे नेहमीसारखा उशीर केलाय. लातूरला तुमच्या क्लासात मी पहिल्या दिवशीसुद्धा उशिरा आले होते. मुखेडहून पहाटेची एसटी आणि बरोबर पत्र्याची ट्रंक. शहरात जिकडं बघावं तिकडं क्लासच्या पाट्या. चार-चार मजल्यांच्या इमारती, प्रत्येक जिन्यात मुलांच्या चपलांचा ढीग. तुमचा क्लास मात्र अंगणातल्या याच पत्र्याच्या शेडमध्ये. लोक त्याला ‘पत्र्याचा क्लास’च म्हणायचे. मी दारातच ट्रंक कवटाळून उभी होते. तुम्ही फळ्यावरून मान वळवून विचारलंत, “भ्या वाटून राहिलं का?” मी हो म्हटलं. तुम्ही खडू माझ्या हातात दिलात. “मग माप घी. तिथून हितवर किती पावलं हायेत?” मी मोजत आले. बावीस. तुम्ही फळ्यावर बावीस लिहिलंत आणि म्हणालात, “बस. आता बावीसच हायेत. मघाशी लई व्हते.”

भीती वाटली की माप घ्यायचं. फिजिक्सचं निम्मं मी विसरले असेन, पण हे नाही विसरले. आणि नेमकं हेच मी मोडलं.

भूकंपानंतर तुम्ही स्लॅबखाली कधी बसला नाहीत. औशाकडच्या तुमच्या गावातलं घर, दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद, पहाटे खाली आलं. तुमची आई त्यात गेली. तुमच्या बायकोला, काकूंना, दुपारी बाहेर काढलं. या सगळ्याबद्दल तुम्ही माझ्याशी आयुष्यात जेमतेम चार वाक्यं बोलला असाल, आणि चारही वाक्यांत गणित होतं. भिंत किती रुंद, माती किती टन. पालक यायचे, म्हणायचे, सर, एखादा हॉल घ्या भाड्यानं, मे महिन्यात लेकरं भाजून निघतात पत्र्याखाली. तुम्ही पत्र्यावर ओली पोती टाकायचात आणि म्हणायचात, पत्रा पडला तर खोक पडंल, माणूस मरणार न्हाई. मुलं हळूहळू चारमजली क्लासकडे गेली. तुम्ही त्याबद्दल कधी कुरकुर केली नाहीत. मला मात्र राग यायचा. वाटायचं, एवढा हुशार माणूस, आणि छताला भितो.

काकूंच्या भीतीची मात्र मी बारावीत असताना एकदा थट्टा केली होती. आज त्याचीही लाज वाटते. दुपारची जेवणाची सुट्टी होती. काकू भाकरी थापत होत्या आणि घरातला फ्रीज चालू झाला. फ्रीज चालू होताना करतो तसाच आवाज, आधी एक धक्का, मग गुरगुर. काकू पिठाच्या हातानं उठल्या आणि थेट लिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. तव्यावरची भाकरी जळाली. मी मैत्रिणीला कोपर मारून हसले. तुम्ही ते बघितलंत, पण रागावला नाहीत. संध्याकाळी क्लास सुटल्यावर मला थांबवलंत आणि म्हणालात, “ती दगडाखाली नऊ तास व्हती, सुरे. खालून ह्योच आवाज येत व्हता. मधी थांबायचा, परत यायचा.” त्या महिन्यात तुम्ही फ्रीज देऊन टाकलात. पुढं काकूंना साखरेचा त्रास सुरू झाला, इन्शुलिन आलं, आणि ते माठात, ओल्या फडक्यात राहू लागलं. लातूरच्या उन्हाळ्यात माठ किती पुरणार? दोनदा औषध नासलं. दुसऱ्या वेळी काकूंना दवाखान्यात ठेवावं लागलं.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. तोवर मी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या मुलांना रेफ्रिजरेशन शिकवत होते. मला वाटायचं, आपल्याला सगळं कळतं. मी म्हटलं, सर, काकूंना चांगल्या डॉक्टरला दाखवा, ही भीती जाते, त्याला उपाय आहेत. तुम्ही म्हणालात, “तिची भीती कशाला काढायची? तिनं काय गुन्हा केला? आवाज काढू की.” मी म्हटलं, कॉम्प्रेसर आहे तोवर आवाज जाणार नाही. तुम्ही म्हणालात, “मग कॉम्प्रेसर काढ.” मी हसले. आणि दोन दिवसांनी नांदेडहून फोन करून मीच तुम्हाला गॅडोलिनियमबद्दल सांगितलं. मोठ्या फुशारकीनं सांगितलं.

हा धातू चुंबकाच्या पोटात नेला की कोमट होतो. बाहेर काढला की गार पडतो. बस, एवढंच. गरम झाला की पाण्यानं त्याची ऊब धुऊन न्यायची, गार झाला की तेच पाणी उलटं फिरवून गारवा घ्यायचा. असं आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिलं की हा धातू भरलेल्या नळीचं एक टोक थंड होत जातं. गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, आणि कायमचं चुंबक असेल तर त्याला वीजही लागत नाही. हातानं दांडा फिरवला तरी चालतं. फोनवर तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग विचारलंत, “आवाज?” मी म्हटलं, आवाज करायला त्यात काही नाहीच. त्या दिवशी तुम्ही काकूंना शब्द देऊन टाकलात. मला न विचारता.

पुढची तीन वर्षं, सर, मी सतत घाबरलेली होते. तुम्हाला ते दिसत होतं की नाही, कोण जाणे. कॉलेजात लोकांना वाटायचं, सुरेखा मॅडम शनिवारी माहेरी जातात. मी लातूरच्या एसटीत बसून हात मांडीखाली दाबून धरायचे. ते चुंबक म्हणजे मुलांच्या खेळण्यातलं चुंबक नव्हे. पाचरीसारखे आठ तुकडे, प्रत्येक वेगळ्या लाकडी पेटीत, भुश्शात ठेवलेला. दोन तुकडे चुकून जवळ आले तर मध्ये सापडलेल्या बोटाचं काही खरं नाही. ते आठही एका ॲल्युमिनियमच्या कड्यात गोल बसवायचे, प्रत्येकाची दिशा ठरलेली, म्हणजे सगळी ताकद मधल्या पोकळीत जमते आणि बाहेर जवळपास काही राहत नाही. चित्र तुम्ही काढलंत. तुम्ही आयुष्यात काढलेलं सगळ्यात देखणं चित्र ते होतं, आणि ते बसवायला तुमचेच हात चालणार नव्हते.

कारण त्या पेट्या आल्या त्याच पावसाळ्यात तुमच्या छातीत पेसमेकर बसला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चुंबकापासून लांब. मी म्हटलं, सर, बंद करू हे सगळं. तुम्ही होकायंत्र मागवलंत, एकेक पेटी उघडायला लावलीत, सुई कुठवर हलते ते मला बघायला लावलंत, गणित केलंत, आणि शेडच्या फरशीवर चुन्यानं रेघ मारायला सांगितलीत. रेघेच्या अलीकडे तुमची खुर्ची, पलीकडे मी आणि चुंबक. हातात तुमची क्लासातली काठी. काठीनं दाखवायचात, “ती पाचर अजून आत. हां. बोट मागं. बोट मागं, सुरे!” दर वेळी तुमचा पाय पुढं यायचा. अंगठा रेघेला टेकला की मी ओरडायचे. एकदा तर मी तुम्हाला चक्क ‘ए’ म्हटलं होतं. “ए, पाय मागं घे!” तुम्ही हसून हसून खोकलात. मी हसले नाही, मला घाम फुटला होता.

श्रावणात माझं बोट चेंगरलं. करंगळीशेजारचं, टोकाला. तिसरा तुकडा लाकडी पाचरीवरून सटकला आणि दुसऱ्यावर जाऊन बसला. कळ नंतर आली, आधी तुमचा आवाज ऐकला. तुम्ही रेघेवर उभे होता, थेट रेघेवर, दोन्ही हात पुढे. काकू धावत आल्या, “अगं माय, लेकराचं बोट!” आणि मी रक्ताकडे न बघता तुमच्या पायांकडे बघत ओरडत होते, मागं व्हा, मागं व्हा. तुम्ही मागं झालात, खुर्चीत बसलात आणि तोंडावर रुमाल धरून रडलात. तुम्हाला रडताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. नख गेलं. हाड नीट बसलं, कड्यात बसवलेले तुकडे परत पेट्यांत गेले. पण त्यानंतर तुकड्याला हात लावताना माझा हात आपोआप आखडायचा.

आता खंडेनवमी.

वर्षाची हत्यारं धुवायची, पुसायची, हळदकुंकू वाहायचं. काकू म्हणाल्या, चुंबकाची बी पूजा करू. तुम्ही तेव्हा दवाखान्यात तपासणीला गेला होता. मी एकेक तुकडा पेटीतून काढला, धुतला, पुसला, काकूंनी कुंकू लावलं, मी तो परत पेटीत ठेवला. एका वेळी एकच, तुमचा नियम पाळून. आठवा ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की तुम्ही खडूनं काढायला लावलेले दिशेचे बाण आपण पुसून टाकलेत. आठही. कुंकू तेवढं झळकत होतं. काकूंना मी म्हटलं, काही नाही, परत काढते. होकायंत्र घेऊन बसले. पाच तुकडे नीट झाले. सहाव्याला सुई एका जागी चिकटून बसली, हलेना. काकू हाका मारत होत्या, पुरण गार होऊन राहिलंय. मी तुकडा हातात फिरवला, तुमचं चित्र डोळ्यांपुढं आणलं आणि अंदाजानं बाण काढला. सातवा आणि आठवा दुसऱ्या होकायंत्रानं बघितले. सहाव्याकडे परत वळले नाही. तुमच्या शेडमध्ये अंदाजानं केलेली ती एकच गोष्ट असेल.

कडं बंद झालं त्या दिवशी तुम्ही पांढरा सदरा घातला होता. सहावा तुकडा बसताना फार अडला होता, जॅकचा दांडा वळवताना माझे दंड भरून आले. पण बसला. शेवटचा बसल्यावर मी चुंबकाची ताकद मोजणाऱ्या मापकाची पट्टी पोकळीत घातली. एक टेस्ला यायला पाहिजे होतं. पाऊण आलं. परत घातली. पाऊण. मला त्याच क्षणी कळलं, सर. आठांतला एक उलटा असला तर बरोबर पाऊण येतं. कोणता, तेही कळलं. माझी पाठ तुमच्याकडे होती. पाठीमागून तुम्ही विचारलंत, “किती?”

मी बिननखाच्या बोटाकडे बघितलं. कडं उघडायचं म्हणजे परत जॅक, परत पाचरी, परत तुमचा पाय रेघेवर. मी म्हटलं, “एक.” आणि फळ्यावर जाऊन एक लिहिलं, पुढं टिंब, पुढं शून्य. ते शून्य तर मी खास ठसठशीत काढलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. काकूंना हाक मारून सांगितलंत, पोरीनं करून दाखवलं.

खोटं एकदा बोललं की संपतं, असं मला वाटलं होतं. दिवाळीत आपण काकूंना बोलावलं. गॅडोलिनियम भरलेली नळी पोकळीत सोडली, मी दांडा फिरवायला घेतला, आणि नळी एका बाजूला ओढली जाऊन कड्यावर आपटायला लागली. आधी एक धक्का, मग खरखर. पोकळीतली ताकद वाकडी झालेली, दुसरं काय होणार? काकू इन्शुलिनचा डबा छातीशी धरून उठल्या आणि लिंबाखाली गेल्या. मी दांडा सोडला. तुम्ही मला शांतपणे विचारलंत, “त्या दिशी आकडा किती आला व्हता, सुरे?”

सांगायची ती वेळ होती. दार उघडून दिलं होतं तुम्ही. मी म्हटलं, “एक, सर.”

तुम्ही मान हलवलीत. पुढच्या शनिवारी मी आले तर तुमची खुर्ची रेघेपासून दोन हात मागे गेलेली. पार उंबऱ्यापाशी. काठी कोपऱ्यात. तुम्ही काही दाखवत नव्हता, काही विचारत नव्हता, नुसते बसून असायचा. मला वाटलं, मन उठलं तुमचं. मला वाटलं, माझ्यावरूनच उठलं. एकदा मी म्हटलंही, सर, जरा पुढं बसा की, ऐकू येत नाही. तुम्ही म्हणालात, “हितं बरंय. ऊन येतं.” मी मनातल्या मनात चिडले. आपल्यात मग बोलणंच कमी झालं. एवढ्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं.

आणि मग त्या दुपारचा फोन. शेजारच्यांनी काकूंच्या फोनवरून सांगितलं, सर खुर्चीतच गेले. नांदेड ते लातूर मी एकच हिशेब करत आले. एक उलटा तुकडा म्हणजे ताकद आत कमी आणि बाहेर जास्त. बाहेर सांडलेली ताकद तुमच्या रेघेच्या गणितात नव्हती, कारण तुमच्या गणितात मी खरं बोलले होते. आणि माझ्या आकड्यावर तुमचा विश्वास बसला नसेल, आकडा स्वतः बघायला म्हणून तुम्ही रेघ ओलांडली असेल, तर? शेडमध्ये पाय टाकला तर रेघ फिसकटलेली.

दहनाआधी दवाखान्यात पेसमेकर काढला. तिथले डॉक्टर चांगले होते, त्यांनी विचारलं, यात नोंदी असतात, तपासून हव्यात का? काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नको. इतक्या झटकन म्हटलं की डॉक्टर चमकले. भीती वाटली की माप घे, असं ज्या माणसानं शिकवलं, त्याच्याच शेवटच्या मापाला मी नको म्हटलं. तेरा दिवस मी जेवले, लोकांना पाणी दिलं, पातेली उचलली, आणि कुणी ‘चुंबक’ म्हटलं की भांडं घेऊन मोरीकडे जायचे.

चौदाव्या दिवशी काकू शेड झाडत होत्या. मला म्हणाल्या, “खुर्ची हलवू नको. तितंच राहू दे.”

मी विचारलं, “सरांनी ती मागं का नेली होती, काकू? माझा राग आला होता का?”

“राग कशाचा? म्हणले, कड्यातून ताकद भाईर सांडून राहिली, हितं बसाया नगं. वहीत गणित करून दोन हात मागं सरले.”

मी विचारलं, त्यांना कसं कळलं. काकू झाडू टेकवून उभ्या राहिल्या. “म्याच बोलले. दिवाळीत, तू गेल्यावर. पूजेदिशी ते खडूचे बाण पुसले गेले गं, तेव्हाच काही झालं असंल. ते हसले. म्हणले, मग सहावा उलटा हाय, अडला व्हता तो.”

“मग मला बोलले का नाहीत?”

“मी बी तेच म्हणले. तर म्हणले, ती भिऊन खोटं बोलली. बोटाला भिऊन. आपुन म्हणलं की ती कडं उघडंल, आन् हात थरथर करत उघडंल. आपसूक सांगू दे. वाट बघू.” काकूंनी पदरानं नाक पुसलं. “म्हणले, लेकराच्या बोटापरीस फ्रीज मोठा हाय का? मी म्हणले, न्हाई. माठ हाय की आपला.”

सर, तुम्ही उन्हासाठी मागं बसला नव्हता. दोन महिने तुम्ही त्या खुर्चीत बसून माझी वाट बघत होता. दर शनिवारी मी यायचे, चहा प्यायचे, आणि न सांगता निघून जायचे. रागावला असतात तर परवडलं असतं मला. हे नाही सोसत.

शेवटी मी रेघेकडे बोट दाखवलं. विचारायचं धाडस होत नव्हतं, तरी विचारलं. काकू सहज म्हणाल्या, “ती म्या पुसली. मागल्या दारानं चहा घेऊन आले, ह्यांना बघितलं, तशीच रेघेवरनं सरळ पळाले. ह्यो बघ की, चहाचा डाग.” डाग होता. रेघेच्या पलीकडे, मागल्या दाराच्या बाजूला, फरशीवर तपकिरी पसरलेला. चौदा दिवस मी रेघच बघत होते, त्यामुळे मला तो दिसलाच नव्हता. मी तिथंच खाली बसले आणि रडले. तुमच्यासाठी रडायला चौदावा दिवस उजाडावा लागला.

भीती सगळी गेली, असं म्हणणार नाही. तुमच्यासमोर तरी आता खोटं नको. कधी कधी अजून वाटतं, दोन हात पुरले का? मग तुमच्या वहीतलं पान काढून बघते. तुमच्या अक्षरात आकडे आहेत, खाली दोनदा रेघ मारलेली आहे. पुरले असावेत. पुरले.

काल मी कडं उघडलं. आधी फळ्यावरचं एक पुसलं आणि तिथं पाऊण लिहिलं, तुम्हाला दिसेल अशा मोठ्या अक्षरात. मग लाकडी पाचरी, जॅक, पितळी पाना. हात थरथरत होते. मी मोठ्यानं म्हणत होते, “बोट मागं. बोट मागं, सुरे.” सहावा तुकडा बाहेर यायला दोन तास लागले. त्याच्यावर काकूंचं कुंकू अजून होतं. उलटा करून घातला तर फारसा अडला नाही. मापकाची पट्टी आत घातली आणि डोळे मिटले. मग उघडले. एकाला थोडं कमी होतं, सर. मी थोडं कमीच लिहिलं.

दुपारी काकूंना हाक मारली. त्या तुमच्या खुर्चीत बसल्या, पण तोंड अंगणाकडे करून, म्हणजे पळायला बरं. इन्शुलिनचा डबा मांडीवर, पदर मुठीत. म्हणाल्या, “आवाज आला तर मी जाईन, बरं का. राग धरू नको.” मी म्हटलं, खुशाल जा. नळी सोडली, पाणी सोडलं आणि दांडा फिरवायला लागले. हळूहळू, तुम्ही सांगितलेल्या चालीनं. नळी आत गेली, बाहेर आली. कुठं आपटली नाही. मी श्वाससुद्धा दाबून घेत होते. शेडमध्ये तापमापकावर चोवीस अंश होते. थंड टोकाला तेवीस झाले. बावीस. वीस. माझे दंड दुखायला लागले तरी मी थांबले नाही. सतरापर्यंत आला तेव्हा तो काटा मला धूसर दिसायला लागला होता. काकू तशाच पाठमोऱ्या, खांदे वर चढवून, लिंबाकडे बघत बसलेल्या.

बऱ्याच वेळानं त्यांनी खांदे सैल केले. मान न वळवता, जरा कंटाळूनच म्हणाल्या, “सुरे, कवा चालू करणार गं?”